विश्वेश्वरय्या : टप्प्यांचे काम, पूर्ण उंचीचा पाया

पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, सक्कर येथील सेवेनंतर त्यांची नेमणूक सचिन संस्थानालगतच्या सुरतेत झाली. मोठ्या कामाचे स्वतंत्र भाग पाडून प्रत्येकाचा क्रम व खर्च आधी निश्चित करावा, ही त्यांची कार्यपद्धती. पुढे नीरा कालव्याखालील जमिनीचे गट पाडून त्यांनी पाण्याच्या पाळ्या आणि पिकांची फेरपालट ठरवून दिली.

या पद्धतीची खरी कसोटी लागली म्हैसूर संस्थानात. कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. परंतु मद्रास सरकारच्या हरकतीमुळे परवानगी मिळाली ती केवळ पहिल्या, ८० फूट उंचीच्या टप्प्याला. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीचा भार पेलेल एवढा रुंद घातला. पुढील परवानगी नाकारली गेली असती, तर तो जादा खर्च व्यर्थ ठरला असता.

१९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले, तेव्हा धरण अपूर्णच होते. १९२४ च्या कावेरी कराराने पूर्ण उंचीला मान्यता मिळाली आणि भिंत त्याच पायावर चढली. १९५५ मध्ये भारतरत्न ठरलेल्या या अभियंत्याचे १४ एप्रिल १९६२ रोजी निधन झाले.