सत्ता सोडणारा सेनापती : सान मार्तिन

रणांगणावर जय मिळविणारे सेनापती इतिहासात पुष्कळ होऊन गेले. परंतु हाती आलेली सत्ता आपण होऊन खाली ठेवणारे विरळाच. दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, चिली आणि पेरू या तीन देशांच्या स्वातंत्र्याशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो जोसे दे सान मार्तिन अशा विरळा पुरुषांपैकी होता. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

हे देश त्या काळी स्पेनच्या अंमलाखाली होते. अर्जेंटिनातील यापेयू या लहानशा गावी २५ फेब्रुवारी १७७८ रोजी सान मार्तिनचा जन्म झाला. तो लहान असतानाच त्याचे कुटुंब स्पेनला गेले. कोवळ्या वयात तो स्पेनच्या सैन्यात शिरला व १८०८ साली बायलेनच्या लढाईत नेपोलियनच्या फौजेशी लढला. पण जन्मभूमीत स्वातंत्र्याचा लढा सुरू होताच त्याने नोकरीवर पाणी सोडले आणि १८१२ साली तो ब्यूनस आयर्सला परतला.

स्पेनच्या सत्तेचे मुख्य ठाणे पेरूतील लिमा हे होते. उत्तरेकडील डोंगरी वाटेने तिकडे जाण्याचे प्रयत्न फसले होते. तेव्हा अँडीज पर्वत ओलांडून प्रथम चिली मुक्त करावा व तेथून समुद्रमार्गे पेरू गाठावा, असा बेत सान मार्तिनने आखला. मेंदोसा येथे राहून त्याने दोन वर्षांहून अधिक काळ तयारी केली. लुईस बेल्त्रान नावाच्या एका ख्रिस्ती संन्याशाने तोफांचा व दारूगोळ्याचा कारखाना चालविला. मुक्त केलेले अनेक गुलाम पायदळात दाखल झाले. जानेवारी १८१७ मध्ये सुमारे ५,००० सैनिक निरनिराळ्या खिंडींतून निघाले. थंडीने व विरळ हवेने निम्म्याहून अधिक खेचरे वाटेतच मेली; तरी १२ फेब्रुवारी रोजी चाकाबुको येथे सैन्याने विजय मिळविला. चिलीचे सर्वाधिकार त्याला देऊ करण्यात आले. ते नाकारून त्याने बर्नार्दो ओहिगिन्सला पुढे केले. ५ एप्रिल १८१८ रोजी मायपूच्या लढाईने चिलीचे स्वातंत्र्य पक्के झाले.

इतक्यात अर्जेंटिनात यादवी माजली. सैन्य घेऊन परत यावे, अशी तेथील सरकारची आज्ञा होती. परंतु स्वकीयांवर शस्त्र उगारण्यास त्याने नकार दिला व १८२० साली तो पेरूकडे निघाला. २८ जुलै १८२१ रोजी लिमा येथे त्याने पेरूचे स्वातंत्र्य घोषित केले. देशाचा संरक्षक या नात्याने गुलामांच्या पोटी यापुढे जन्मणारी मुले स्वतंत्र ठरविणारा हुकूम त्याने काढला. राष्ट्रीय ग्रंथालय स्थापून आपली पुस्तके त्याला दिली. तथापि डोंगराळ भागात शत्रूची फौज शिल्लक होती, आणि पेरूत राजेशाही असावी हा त्याचा विचार अनेकांना रुचला नाही.

जुलै १८२२ मध्ये ग्वायाकिल येथे तो उत्तरेकडील मुक्तिदाता बोलिव्हार याला भेटला. बोलणे दोघांतच झाले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये सान मार्तिनने पेरूच्या प्रतिनिधिसभेपुढे अधिकार सोडले व तो निघून गेला. उरलेले कार्य बोलिव्हारने व त्याच्या सेनापतींनी पुरे केले.

पुढील वर्षी पत्नी निवर्तली. १८२४ साली लहानग्या मेर्सेदेसला घेऊन तो युरोपात गेला. १८२९ साली मायदेशाच्या ओढीने तो ब्यूनस आयर्सच्या बंदरापर्यंत आला. पण तेथे पुन्हा यादवी पेटलेली पाहून त्याने आपल्या शहरात पाऊलही ठेवले नाही. १७ ऑगस्ट १८५० रोजी फ्रान्समधील बुलोन येथे त्याचा अंत झाला. १८८० साली त्याच्या अस्थी ब्यूनस आयर्सला आणण्यात आल्या.

त्याने सत्ता सोडल्याने त्या देशांत शांतता नांदली, असे मात्र नाही. खुर्चीसाठी सेनापती पुढेही झगडतच राहिले. पण त्या झगड्यात सान मार्तिनची तलवार कधीही नव्हती. अँडीज ओलांडण्याहून हा विजय लहान आहे, असे आम्हांला वाटत नाही.