नळीवरचं नाव: डॉ. फ्रेडरिक फोली

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पेण-रोह्याला घरी परतणाऱ्या अनेकांच्या डिस्चार्ज कार्डावर 'फोली कॅथेटर' असं लिहिलेलं असतं. फोली हे एका डॉक्टरांचं आडनाव.

फ्रेडरिक फोली यांचा जन्म 1891 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात झाला. 1918 मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून ते डॉक्टर झाले आणि पुढे सेंट पॉल शहरात मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. तेव्हा प्रोस्टेट काढल्यावर होणारा रक्तस्राव जिवावर बेतायचा. नळीला फुगा लावून तो जखमेवर आतून दाबून धरायचा, ही कल्पना त्यांनी 1929 मध्ये मांडली. पुढे पेटंटचा वाद झाला आणि पेटंट एका रबर कंपनीच्या माणसाला मिळालं. नाव मात्र फोलींचंच राहिलं.

त्यांचं दुसरं काम फारसं कुणाला माहीत नाही. ऑपरेशननंतर काही पुरुषांची लघवी थांबतच नाही. खोकलं, उठलं की कपडे ओले. मग माणूस एसटीत बसायला, लग्नाला जायला, पेणच्या गणपती कारखान्यात चार तास काम करायलाही घाबरतो, आणि लाजेपोटी घरात सांगत नाही. फोलींनी 1947 मध्ये अशा रुग्णांसाठी मूत्रमार्गाभोवती बाहेरून बसवायचा, हाताने फुगवायचा पट्टा सुचवला. तो वापरायला अवघड होता, पण विचार बरोबर होता. 1966 मध्ये फोली गेले. 1973 मध्ये स्कॉट, ब्रॅडली आणि टिम यांनी पूर्णपणे शरीराच्या आत बसणारं कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे लघवी रोखणारी झडप, जगापुढे आणलं.

आजही तीच पद्धत आहे: मूत्रमार्गाभोवती पट्टा, अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप, पोटात पाण्याचा फुगा. पंप दाबला की पट्टा सैल होतो, लघवी होते, आणि काही मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा आवळतो. मात्र घाई नको. बऱ्याच जणांची गळती काही महिन्यांत, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने कमी होते. सहा महिने ते वर्षभर वाट पाहून, जंतुसंसर्ग आणि मूत्रमार्ग आकसलेला नाही ना हे तपासूनच शस्त्रक्रियेचा विचार करतात. गळती कमी असेल तर जाळीच्या पट्टीचा आधारही पुरतो.

असं स्फिंक्टर बसवलं असेल, तर कुठल्याही दवाखान्यात नळी घालण्याआधी ते सांगा. पट्टा सैल करून बंद न ठेवता फोलींचीच नळी आत ढकलली, तर मूत्रमार्गाला इजा होते.