पाण्याची विद्या

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस शिरूर आणि दौंड हे तालुके आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि निमोण्यासारख्या गावावर येईपर्यंत त्यांत फारसे पाणी उरत नाही. या भागातील मुलांस पाण्याचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. पाटाला पाणी कधी सुटणार, आपली पाळी कोणत्या दिवशी येणार, ही बोलणी ती लहानपणापासून ऐकत असतात. पाणी अडविणे, साठविणे आणि सर्वांस पुरेल असे वाटणे ही एक मोठी विद्या आहे. ती पुस्तकांत मिळते, परंतु पुस्तकांहून अधिक ती जाणत्या माणसांच्या सहवासात मिळते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ती मुख्यतः आपल्या पुणे जिल्ह्यात आणि खानदेशात संपादन केली, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. घरात विद्या होती, पण पैसा नव्हता. मुलगा शाळेत शिकत असतानाच वडिलांचे छत्र हरपले. तेव्हा मामा रामय्या यांनी भाच्याला बंगलोरला आश्रय दिला. कॉलेजच्या खर्चासाठी तो एका सधन गृहस्थाच्या घरी मुलांच्या शिकवण्या करी.

बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजात चार्ल्स वॉटर्स या नावाचे इंग्रज प्राचार्य होते. त्यांच्या आडनावाचा अर्थच पाणी, हा एक गमतीचा योगायोग! या अबोल आणि कष्टाळू विद्यार्थ्याची गणितातील बुद्धी वॉटर्स यांनी अचूक हेरली. त्यांनी त्याला वेब्स्टरचा मोठा शब्दकोश भेट दिला आणि पुढच्या शिक्षणासाठी त्याची शिफारस केली. म्हैसूरचे दिवाण रंगाचार्लू यांच्या सरकाराकडून शिष्यवृत्ती मिळाली आणि हा तरुण अभियांत्रिकी शिकण्यासाठी पुण्यास आला. वॉटर्स आपल्या विद्यार्थ्याला अखेरपर्यंत विसरले नाहीत. आपल्या बाहीची सोन्याची बटणे त्यांनी त्याच्यासाठी ठेवली होती, आणि त्यांच्या पश्चात ती त्यांच्या पत्नीने विश्वेश्वरय्यांस पोचविली.

पुण्यातील ज्या महाविद्यालयात ते दाखल झाले, त्यास त्या काळी सायन्स कॉलेज म्हणत. आज ते तंत्रशास्त्राचे विद्यापीठ आहे. मुलूख परका, भाषा परकी आणि ओळखीचे कोणी नाही, अशा स्थितीत त्यांनी एकाग्रतेने अभ्यास केला. १८८३ साली ते मुंबई इलाख्यात पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि जेम्स बर्कली पारितोषिकाचे मानकरी ठरले. लगेच पुढच्या वर्षी, १८८४ मध्ये, मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांची साहाय्यक अभियंता म्हणून नेमणूक झाली.

खरे शिक्षण आता सुरू झाले. नाशिकहून त्यांना खानदेशात पाठविण्यात आले. धुळे जिल्ह्यात दातर्ती या गावाजवळ पाटाचे पाणी ओढ्याच्या पात्राखालून नळाने पलीकडे न्यावयाचे होते. एका तीरावर पाणी नळातून खाली उतरते आणि दुसऱ्या तीरावर आपल्याच दाबाने वर चढते, अशी ही युक्ती. काम चालू असता पावसाळा लागला. पुरासरशी वाळू येई आणि खणलेले सर्व भरून जाई. पाऊस सरेपर्यंत काम थांबवावे, असे या नव्या अभियंत्याने वरिष्ठांस कळविले. वरिष्ठांस ती कामचुकारपणाची सबब वाटली. तेव्हा अधिक वाद न घालता विश्वेश्वरय्या पुन्हा कामाला भिडले आणि भर पावसाळ्यात त्यांनी ते तडीस नेले. माझ्या मते त्यांची मूळ सूचना मुळीच गैर नव्हती. तथापि नवख्या माणसाचा शब्द वजनदार होण्यासाठी त्याच्या मागे काही काम उभे असावे लागते, आणि दातर्तीला ते उभे राहिले.

ज्या पांझरा नदीच्या खोऱ्यात हे काम झाले, तेथे शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आलेली होती. गावकरी नदीवर बंधारा घालीत, पाट काढीत आणि भिजणाऱ्या जमिनीचे मोठे भाग पाडीत. त्या भागांस फड म्हणत. एका हंगामात एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पुढच्या वर्षी पालट करावयाचा, असा नियम असे. पाणी वाटण्यासाठी गावानेच नेमलेला पाटकरी असे. कोणत्याही महाविद्यालयात न गेलेल्या शेतकऱ्यांनी उभारलेली ही व्यवस्था तरुण विश्वेश्वरय्यांच्या नजरेसमोर होती. पुढे त्यांनी स्वतः जी पद्धत मांडली, तिचे या फडांशी फार जवळचे नाते दिसते.

पुण्यात त्यांचा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी स्नेह जडला. नामदार गोखले यांचाही परिचय झाला. त्या काळी युरोपियन अधिकाऱ्यांचे क्लब असत. सायंकाळी तेथे निरनिराळ्या खात्यांतील माणसे एकत्र येत, एकमेकांच्या अडचणी ऐकत आणि आपापल्या कामातील अनुभव सांगत. भारतीय अधिकाऱ्यास तेथे प्रवेश मिळणे दुरापास्त होते. हुशार तरुण नोकरीस लागे, पण चार जाणत्यांच्या बैठकीत बसण्याची संधी त्यास मिळत नसे. रानड्यांच्या प्रोत्साहनाने पुण्यात डेक्कन क्लब स्थापन झाला, तेव्हा त्यात विश्वेश्वरय्यांनी पुढाकार घेतला. अभियंता, वकील, प्राध्यापक आणि समाजसेवक एका जागी बसू लागले. ज्या तरुणास या शहरात कोणी ओळखत नव्हते, त्यानेच इतरांच्या ओळखी होण्याची जागा उभी केली.

१८९४ च्या सुमारास त्यांना सिंधमधील सक्कर येथे पाठविण्यात आले. सिंधू नदी गावाच्या उशालाच वाहत होती, पण तिचे पाणी अतिशय गढूळ. ते गाळण्याचे मोठे हौद बांधण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूच्या थरांतून झिरपत आलेले पाणी विहिरीत स्वच्छ होऊनच उतरू लागले आणि तेथून ते पंपाने टेकडीवर चढविण्यात आले. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झरा खणून पिण्याचे पाणी भरतात, त्यातलेच हे तत्त्व होय.

पुढे पुण्याच्या पाटबंधाऱ्यांचे काम त्यांच्याकडे आले. खडकवासल्याचे धरण त्यापूर्वीच बांधलेले होते. त्याचा कालवा पुण्यावरून थेट दौंड तालुक्यातील पाटसपर्यंत येई. परंतु दर पावसाळ्यात सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई पडे. सांडव्याची भिंत कायमची उंच करावी, तर महापुरात धरणालाच धोका. यावर विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर लोखंडी दारे बसविण्याची योजना केली. वजनांचा तोल असा साधला होता की, पाणी ठराविक पातळीपर्यंत असताना दारे बंद राहत. पूर येऊन पातळी वाढली की ती आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. तेथे रात्रंदिवस माणूस उभा करण्याचे कारण नव्हते. १९०३ साली ही दारे बसली. तलावात सुमारे आठ फूट अधिक पाणी राहू लागले आणि साठा जवळजवळ पावपट वाढला. या शोधाचा स्वामित्वहक्क त्यांच्या नावे झाला, तरी सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामावर वेगळे पैसे घेणे त्यांस योग्य वाटले नाही. ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि पुढे म्हैसूरच्या मोठ्या धरणावरही अशीच दारे बसविण्यात आली. खडकवासल्याचे ते जुने धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात फुटले. नंतर ते पुन्हा बांधण्यात आले.

पाणी साठविण्यापेक्षा ते वाटणे अधिक कठीण असते. यंत्र सांगितल्याप्रमाणे चालते, माणसे तशी चालत नाहीत. नीरा कालव्याच्या भागात उसाला मन मानेल तसे पाणी दिले जाई. कालव्याच्या तोंडाशी असलेली जमीन पाणी साचून खराब होई आणि शेवटच्या गावास कोरडा पाट पाहावा लागे. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडून प्रत्येक गटात थोडा ऊस, थोडे भात आणि बाकी ज्वारीसारखी कमी पाण्याची पिके आलटून पालटून घ्यावी, अशी पद्धत सुचविली. तिला ब्लॉक पद्धत म्हणतात. ती प्रारंभी शेतकऱ्यांस रुचली नाही. आपल्या शेतात काय पिकवावे हे सरकारने का सांगावे, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. हुकूम काढून हे काम होणारे नव्हते. शेतकऱ्यांस भेटून, हिशेब समजावून, त्यांच्या शंका ऐकूनच पद्धत मार्गी लावावी लागली. १९०१ ते १९०३ या काळात देशभरच्या पाटबंधाऱ्यांची पाहणी करणाऱ्या आयोगापुढे विश्वेश्वरय्यांनी आपले विचार मांडले.

१९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. मुख्य अभियंत्याचे पद त्या काळी भारतीय माणसास मिळण्याची आशा नव्हती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार उडविला. विश्वेश्वरय्या तेव्हा परदेशात प्रवास करीत होते. निजाम सरकारने त्यांस बोलावून घेतले आणि शहराच्या वरच्या अंगास तलाव बांधून पूर अडविण्याची योजना त्यांनी आखून दिली.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. १९११ मध्ये कावेरी नदीवर कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. सुमारे दहा हजार मजूर तेथे खपत होते. सिमेंटऐवजी चुना आणि भाजलेल्या विटांची भुकटी यांच्या मिश्रणाने दगड सांधण्यात आले. काम पूर्ण होण्यास वीस वर्षे लागली. धरणाने मंड्याचा कोरडा प्रदेश हिरवा केला. मात्र त्याच्या पोटात कण्णंबाडी हे जुने गाव बुडाले आणि तेथील लोकांस दुसरीकडे जावे लागले, हेही धरणाची थोरवी सांगताना विसरू नये.

१९१२ साली ते म्हैसूरचे दिवाण झाले. हे पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आपल्या नातेवाइकांस एकत्र बोलाविले आणि कोणीही आपल्याकडे नोकरीसाठी शब्द टाकू नये, असे स्पष्ट बजावले. ज्याचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या शिफारशीने मार्गी लागले, त्याने असे का करावे? वॉटर्स यांनी पुढे केला तो ज्याची गुणवत्ता त्यांनी पाहिली होती असा विद्यार्थी. नात्याचा वशिला ही वेगळी गोष्ट, आणि विश्वेश्वरय्यांस हा भेद चांगला ठाऊक होता. नातेवाइकांस दार बंद करणाऱ्या या दिवाणाने परक्यांच्या मुलांसाठी मात्र दारे उघडली. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. १९१७ मध्ये बंगलोरला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा म्हैसूरच्या मुलांस या विद्येसाठी पुण्यापर्यंत येण्याची गरज उरली नाही. त्याच वर्षी बंगलोरला सेंच्युरी क्लब निघाला. पुण्याच्या डेक्कन क्लबात बसलेला माणूस आता आपल्या गावच्या तरुणांसाठी तशीच बैठक मांडीत होता.

१९१८ साली दिवाणपद सोडल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९२३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. भद्रावतीचा तोट्यात चाललेला लोखंडाचा कारखाना त्यांनी सावरला. त्याबद्दल मिळालेले मानधन त्यांनी घरी नेले नाही. त्यातून तरुणांस धंदेशिक्षण देणारी एक संस्था उभी राहिली. तिला त्यांचे नाव देण्याचा विचार पुढे आला, पण त्यांनी महाराज जयचामराजेंद्र यांचे नाव सुचविले.

१९५५ साली भारत सरकारने त्यांस भारतरत्न हा किताब दिला. पोशाखात टापटीप, वेळेच्या बाबतीत काटेकोर आणि बोलण्यात मोजके, असा हा माणूस वयाची शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये बंगलोर येथे निवर्तला. मुद्देनहळ्ळीस त्यांची समाधी आहे. तेथून जवळच त्यांचे जुने घर जपून ठेविले असून लांबलांबच्या शाळांतील मुले ते पाहावयास येतात.