नवरा मेला तर दोष बायकोच्या पापाचा? या प्रश्नाशी आयुष्यभर झगडलेल्या पंडिता रमाबाई

सोलापूरहून पुण्याकडे येताना इंदापूर तालुक्यातलं डाळज लागतं. एका बाजूला उजनीचं पाणी, पुढे भिगवण, मग कुरकुंभ, पाटस आणि चौफुला. चौफुल्याला वळलं की दौंड तालुक्यातलं केडगाव येतं. तिथे सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी एक संस्था आजही चालू आहे. तिचं नाव मुक्ती मिशन.

नाव ऐकलं की प्रश्न पडतो, मुक्ती कशापासून? दुष्काळापासून? गरिबीपासून? संस्था उभी करणाऱ्या पंडिता रमाबाईंसाठी या शब्दाचा पहिला अर्थ होता पापापासून मुक्ती. पण पाप म्हणजे काय, ते येतं कुठून आणि त्याचा दोष कुणाचा, हे त्यांना ठरवावं लागलं ते स्वतःच्या आयुष्यातून.

पुराण सांगणारं कुटुंब

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून धर्मपंडितांनी त्यांना जाब विचारला होता. शास्त्रीबुवा मागे हटले नाहीत. पुढे लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंना शिकवलं.

हे कुटुंब एका जागी राहत नसे. तीर्थयात्रा करायची, देवळात पुराण सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने हा संसार मोडला. व्रतं, उपास, दानधर्म सगळं करून झालं होतं. तरी वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देश तुडवत १८७८ साली कलकत्त्याला पोचले.

तिथे विशीतल्या या मुलीचं संस्कृत ऐकून पंडित थक्क झाले. तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या.

याच शहरात गाडी वेगळ्या वळणाला लागली. बायकांना स्त्रीधर्मावर व्याख्यानं द्या, अशी विनंती रमाबाईंना करण्यात आली. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचायला घेतले. नंतर त्यांनी लिहून ठेवलं की या ग्रंथांचं जवळपास प्रत्येक बाबतीत एकमेकांशी पटत नव्हतं, फक्त दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत होतं. त्या म्हणजे बाईची जात मुळात वाईट आणि तिला बाई म्हणून मोक्ष नाही.

मग संकट थेट घरात आलं

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती याचा अंदाज तुम्हाला येईलच. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ ला पटकीने बिपिनबाबू गेले. रमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या होत्या आणि मुलगी वर्षाचीही नव्हती.

उच्चवर्णीय घरांत तेव्हा सर्रास मानलं जायचं की बाई विधवा होते ती मागच्या जन्मीच्या पापामुळे. नवऱ्याला तिनेच खाल्लं. केस काढणं, एकवेळचं जेवण, शुभकार्यात तोंड न दाखवणं या सगळ्यामागे हाच हिशेब होता. आठ वर्षांच्या बालविधवेलाही तो लागू होता. जे पाप तिला आठवतही नाही, त्याची शिक्षा तिने जन्मभर भोगायची.

या हिशेबातून सुटायला वाट नव्हती. गुन्हा मागच्या जन्मातला, त्यामुळे तो नाकारता येत नाही. शिक्षा या जन्मातली, त्यामुळे ती टाळता येत नाही.

रमाबाई पुण्याला आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला, 'स्त्री धर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टरांची मागणी केली. १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं ठरवून त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते स्वप्न राहिलं.

फुलममध्ये काय दिसलं?

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या. या जोगिणींचं लंडनमधल्या फुलम भागात एक घर होतं. समाजाने पतित ठरवलेल्या बायका तिथे राहायच्या. जोगिणी त्यांची सेवा करत होत्या, त्यांना काम शिकवत होत्या आणि पुन्हा उभं करत होत्या.

रमाबाईंना धक्का बसला. अशा बाईला जवळ करावं, तिच्यासाठी प्रायश्चित्तापलीकडे काही असू शकतं, असं त्यांनी कुठल्याच ग्रंथात वाचलं नव्हतं. असं का करता, हे त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सांगण्यात आली. पाच नवरे झालेली एक शोमरोनी बाई विहिरीवर येते आणि येशू तिला न हिणवता तिच्याशी बोलतो. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

आदाम, हव्वा आणि मूळ पाप

इथे ख्रिस्ती विचार नेमका काय सांगतो ते पाहू.

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकानुसार देवाने जग चांगलं निर्माण केलं. आदाम आणि हव्वा यांना निवड करण्याची मोकळीक दिली. एका झाडाचं फळ तेवढं खायचं नव्हतं. सापाच्या बोलण्याला भुलून त्यांनी ते खाल्लं. ख्रिस्ती परंपरेप्रमाणे पाप जगात आलं ते या अवज्ञेतून. चौथ्या-पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी यातून मूळ पापाचा सिद्धांत मांडला. पहिल्या माणसाचं हे पतन सगळ्या मानवजातीला लागलं, म्हणून प्रत्येकजण जन्मतःच दुबळा आणि पापाकडे ओढलेला असतो.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो. देवाला सगळं आधीच ठाऊक होतं, तर त्याने हे घडू का दिलं? ख्रिस्ती विचारवंतांनी याची दोन मुख्य उत्तरं दिली. एक, मोकळीक नसेल तर प्रेमही खरं नसतं. दोन, वाइटातूनही चांगलं घडवण्याची देवाची योजना आहे आणि ती ख्रिस्तामध्ये पुरी होते. उत्पत्तीच्या त्याच अध्यायात देव सापाला सांगतो की स्त्रीचं संतान तुझं डोकं ठेचेल. या वाक्यात ख्रिस्ती परंपरा तारणाच्या योजनेची पहिली चाहूल पाहते.

हा सिद्धांतही जन्माआधीच्या पापाबद्दलच बोलतो. मग रमाबाईंना त्यात वेगळं काय दिसलं? फरक वाटणीत होता. इथे पाप एकट्या विधवेच्या नावावर नव्हतं. राजा, शास्त्री, पुरुष, बाई सगळे एकाच रांगेत होते. कुणी कुणाकडे बोट दाखवू शकत नव्हतं. आणि सुटका पुढच्या जन्मी पुरुष होऊन नाही, तर याच जन्मात, बाई म्हणूनच मिळत होती.

पण चर्चशीही भांडण झालंच

बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी मान तुकवली असं समजू नका. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी लांबलचक पत्रव्यवहार केला. पटलं नाही ते पटलं नाही असं लिहिलं.

चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी आक्षेप घेतला. बाईने पुरुषांना शिकवणं भारतात बरं दिसणार नाही, हे कारण. कलकत्त्यात पंडितांच्या सभेत बोलून आलेल्या बाईला हे सांगितलं जात होतं. हव्वेची गोष्ट ख्रिस्ती जगातही बाईला खाली ठेवायला वापरली गेली होती. तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर तर्तुलियन या धर्मपंडिताने बाईला सैतान आत शिरतो तो दरवाजा ठरवलं होतं. रमाबाईंनी बिशपांचा आक्षेप मान्य केला नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणाच्या हवाली केलेली नाही, अशी त्यांची भूमिका होती.

केडगाव

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. १८८७ मध्ये त्यांचं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक आलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. सदन पुण्याला आलं. १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं. केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून घेतल्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईने दुष्काळात आईबाप गमावले होते, ती तिथे गेली आणि शेकडो मुली घेऊन आली. पुण्यात प्लेगची साथ होती, शहरात एवढ्या मुली ठेवता येईनात. केडगावला रमाबाईंनी आधीच शंभरेक एकर जमीन घेतली होती. मुलींचा मुक्काम तिकडे हलला आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठी ब्रेल असं सगळं तिथे होतं. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी वेगळं घर काढलं, त्याचं नाव कृपा सदन. फुलममध्ये पाहिलेलं दौंड तालुक्यात उभं राहिलं.

१९०५ मध्ये इथे मोठं धार्मिक पुनरुज्जीवन झालं. मुली रडत आपली पापं कबूल करू लागल्या. उपासमारीतून आलेल्या पोरींच्या धर्मांतरावर तेव्हाही टीका झाली आणि अभ्यासक आजही त्यावर वाद घालतात. रमाबाईंची श्रद्धा मात्र पक्की होती. आपल्या आयुष्यातले मृत्यू ही शिक्षा नव्हती, त्यातून देव आपल्याला या मुलींपर्यंत आणत होता, असं त्या मानू लागल्या होत्या.

शेवटचं काम

उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायला बसल्या. एकट्या बाईने पूर्ण बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. छापखान्याचं काम मुक्तीतल्या बायकाच करत होत्या.

या कामात उत्पत्तीचा तो तिसरा अध्यायही त्यांच्या हातून मराठीत आला. त्यात देव विचारतो तेव्हा आदाम हव्वेकडे बोट दाखवतो आणि हव्वा सापाकडे. दोष दुसऱ्यावर ढकलण्याची ही पहिली गोष्ट. बालविधवांकडे दाखवलेली बोटं आयुष्यभर पाहिलेल्या बाईने ती मराठीत आणली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच रमाबाईंनी शेवटचा श्वास घेतला. त्यांचं संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं.

रमाबाईंचं उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही. त्यांच्या काळात अनेकांना पटलं नाही आणि अनेकांनी हिंदू राहूनच विधवांसाठी मोठं काम केलं. पण नवरा गेला की बाईलाच पांढऱ्या पायाची म्हणणारी माणसं आजही भेटतात. पाप नेमकं कुणाचं, हा रमाबाईंचा प्रश्न त्यांच्यापुढे अजून उभा आहे.