पाना, पट्टी आणि उसने पाच पौंड

मुंबईत फोर्टमधल्या डी. एन. रोडला जुने लोक अजूनही हॉर्नबी रोड म्हणतात. तो हॉर्नबी म्हणजे अठराव्या शतकातला मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी. आजची गोष्ट त्याची नाही. आपला हॉर्नबी लिव्हरपूलचा, नाव फ्रँक, काम हिशेब लिहिण्याचं. मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या कुणासमोरही हे नाव घ्या, त्याचे डोळे चमकतील. आणि लहानपणी भोकं पाडलेल्या पट्ट्या नट-बोल्टनं जोडून तुम्ही कधी क्रेन केली असेल, तर नकळत तुमचीही त्याच्याशी ओळख झालेली आहे.

फ्रँकचा जन्म १५ मे १८६३ चा. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या धंद्यात कॅशिअर म्हणून बसला. इंजिनिअरिंगच्या शिक्षणाचा पत्ताच नाही. सॅम्युएल स्माइल्सचं ‘सेल्फ हेल्प’ हे पुस्तक मात्र त्यानं मनावर घेतलं होतं. आपणही काहीतरी शोध लावायचा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण वडील गेले, धंदा गुंडाळला गेला आणि १८९९ मध्ये फ्रँक मांस आयात करणाऱ्या डेव्हिड एलियट या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून लागला. वय छत्तीस, घरी बायको, मुलं आणि ठरलेला पगार. अशा वेळी बहुतेक माणसं शोधबिध विसरून जातात.

फ्रँक विसरला नाही, कारण घरी रोलंड आणि डग्लस हे दोन मुलगे होते. त्यांच्यासाठी तो धातूचा पत्रा कापून पूल, क्रेन, ट्रक अशी खेळणी करायचा. अडचण एकच होती. प्रत्येक खेळण्याचे भाग वेगळे कापायला लागायचे. क्रेनचा भाग पुलाला चालायचा नाही. एकदा एखादी वस्तू जुळवली की ती तेवढीच राहायची, आणि पुढच्या खेळण्यासाठी पुन्हा पत्रा, पुन्हा कात्री.

मग त्याला सुचलं ते ऐकायला अगदी साधं आहे. सगळ्या पट्ट्यांना ठरावीक अंतरावर, अर्ध्या-अर्ध्या इंचावर, एकसारखी भोकं पाडायची आणि जोडायला नट-बोल्ट वापरायचे. म्हणजे आज केलेली क्रेन उद्या उकलायची आणि त्याच पट्ट्यांचा पूल करायचा. जानेवारी १९०१ मध्ये त्यानं या कल्पनेचं पेटंट घेतलं. त्यासाठी लागणारे पाच पौंडही त्याच्याकडे नव्हते. ते त्यानं मालकाकडून, एलियटकडून उसने घेतले.

पुढे एलियट त्याचा भागीदार झाला. खेळण्याचं पहिलं नाव होतं ‘मेकॅनिक्स मेड ईझी’. खेळणी विकणारी दुकानं सुरुवातीला फारशी उत्सुक नव्हती. तेव्हा लिव्हरपूलमध्ये इंजिनिअरिंग शिकवणारे प्राध्यापक हेली-शॉ यांनी त्याला शिफारसपत्र दिलं. नफा दिसायला काही वर्षं गेली. १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे नाव आलं आणि १९०८ मध्ये कंपनी उभी राहिली. एलियट मात्र नव्या कंपनीत आला नाही, सगळी जबाबदारी फ्रँकवर आली. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना सुरू झाला.

रेल्वे आली १९२० मध्ये. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटनच्या बाजारात जर्मन खेळण्यातल्या गाड्यांचा बोलबाला होता. युद्धानंतर हॉर्नबीनं आपली चावीची गाडी आणली. दोन रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर. आणि गंमत म्हणजे ती गाडीही मेकॅनोसारखीच नट-बोल्टनं जोडलेली! काही बिघडलं तर पाना घ्या आणि उघडा.

यापुढचा टप्पा विजेचा, आणि तिथे मोठी चूक झाली. १९२५ मध्ये कंपनीनं आणलेली विजेची गाडी थेट घरातल्या मेन्सवर, म्हणजे १०० ते २५० व्होल्टवर चालायची. जरा डोळ्यांसमोर आणा. दिवाणखान्यात जमिनीवर रूळ मांडलेत, त्यात एवढी वीज खेळतेय आणि शेजारी शाळकरी पोरं गुडघ्यांवर बसलीत! गाडी धावत होती, विकलीही जात होती. पण नुसतं धावणं पुरेसं नाही, हे लवकरच उमगलं. सुरक्षिततेचा प्रश्न आला आणि कंपनीनं व्होल्टेज खाली आणलं. आधी ४ व्होल्टची मोटर, मग ६ व्होल्टची आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला भरवशाची २० व्होल्टची पद्धत. म्हणजे एकाच गाडीच्या मागे लागून वारंवार तिची दुरुस्ती चालली होती. शोध लावणं एका दिवसाचं, तो नीट चालता करणं वर्षांचं काम, असं हे प्रकरण.

फ्रँक हॉर्नबी १९३१ मध्ये लिव्हरपूलच्या एव्हर्टनमधून खासदार झाला. डिंकी टॉइज या छोट्या गाड्याही त्याच्याच कंपनीच्या. २१ सप्टेंबर १९३६ ला तो गेला. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, कंपनीची आकारानं निम्मी ‘हॉर्नबी डब्लो’ रेल्वे आली, १२ व्होल्ट डीसीवर चालणारी. ती बघायला तो नव्हता. बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, पण हॉर्नबी नावाच्या गाड्या आजही विकल्या जातात.

आज त्या डिजिटल झाल्यात. पूर्वी रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त केलं की गाडीचा वेग बदलायचा, त्यामुळे त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदमच हलायची. आता रुळात पूर्ण व्होल्टेज कायम असतं, त्यातूनच सांकेतिक हुकूम जातात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या नंबरचा हुकूम ऐकतो. एकाच रुळावर दोन इंजिनं उलट दिशांना चालवा, काही हरकत नाही.

पण दुखणी जुनीच. रुळावर मळ बसला की चाकाला वीज मिळत नाही. जुनं इंजिन अशा वेळी जरासा हिसका घेऊन पुढे जायचं. डिजिटल इंजिनातला डिकोडर मात्र क्षणभर वीज गेली तरी बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि गाडी भररस्त्यात थबकते. अशा वेळी लोक घाईघाईनं सेटिंग बदलत सुटतात. आधी त्याच जागी दुसरं इंजिन चालवून बघायचं असतं. दोन्ही तिथेच अडकली तर दोष रुळात : मळ किंवा ढिला सांधा. एकच अडकलं तर दोष त्या इंजिनात : चाकं, वीज उचलणाऱ्या पत्त्या, मग डिकोडर. रूळ आणि चाकं स्वच्छ पुसायची. लांब मार्गाच्या टोकाला गाडी मंदावत असेल तर एकाच टोकाला वीज देऊन भागत नाही, ठिकठिकाणी जाड तारा जोडाव्या लागतात. एवढ्यानंही भागलं नाही तर इंजिनात छोटा कपॅसिटर बसवतात, म्हणजे क्षणभराची खोट भरून निघते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर नेमकं कशानं दुरुस्त झालं ते कळत नाही.

ही तपासणी म्हणजे हॉर्नबीचीच पट्टी आणि नट-बोल्ट. मोठी वस्तू सुट्या भागांत बघायची, म्हणजे दोष एका भागात सापडतो आणि बाकीचं मोडावं लागत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट बंद पडलेल्या कुणालाही हे पटेल. बंद पडलेला अख्खा प्रोजेक्ट बघून हातपाय गळतात, एक ढिली वायर सापडली की जीव भांड्यात पडतो. छोट्या गाड्या प्रत्यक्ष धावताना बघायच्या असतील तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. तिथे गाड्यांइतकंच त्यांच्याखालच्या रुळांकडेही लक्ष द्या.