ॲलन ट्युरिंग

ॲलन मॅथिसन ट्युरिंग (२३ जून, इ.स. १९१२ – ७ जून, इ.स. १९५४) हे इंग्लिश गणितज्ञ, तर्कशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. यंत्राला दिलेले काम कधीतरी संपेल की अखंड चालतच राहील, हे प्रत्येक वेळी आधी सांगू शकेल अशी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, या सिद्धान्ताचा पाया त्यांच्या इ.स. १९३६ च्या निबंधाने घातला. संगणकावर अडकून पडलेले काम केव्हा आणि कसे थांबवावे, या आजच्या व्यावहारिक प्रश्नाचे मूळ या सिद्धान्तात आहे.

बालपण व शिक्षण

ट्युरिंग यांचा जन्म लंडनमधील मेडा व्हेल येथे झाला. त्यांचे वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात भारतीय सनदी सेवेत अधिकारी होते. आई एथेल सारा यांचा जन्म आजच्या तमिळनाडूतील पोदनूर येथे झाला होता. आईवडिलांचे वास्तव्य बराच काळ हिंदुस्थानात असल्यामुळे ॲलन व त्यांचे थोरले बंधू जॉन यांचे संगोपन इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुटुंबाकडे झाले. इ.स. १९२६ मध्ये ॲलन शेरबोर्न येथील शाळेत दाखल झाले. तेथील त्यांचा जिवलग मित्र ख्रिस्तोफर मॉरकॉम इ.स. १९३० मध्ये क्षयरोगाने मरण पावला. या आघाताचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी गणिताचे अध्ययन केले आणि इ.स. १९३५ मध्ये ते त्या महाविद्यालयाचे फेलो झाले.

विराम-समस्या

कोणतेही गणिती विधान सिद्ध करता येईल की नाही, हे ठराविक पायऱ्यांनी ठरवणारी रीत आहे काय, असा प्रश्न जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी मांडला होता. मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून ट्युरिंग यांना या प्रश्नाचा परिचय झाला. त्याचे उत्तर देण्यासाठी त्यांनी एका काल्पनिक यंत्राची रचना केली. चौकटींत विभागलेल्या लांबच लांब फितीवरील चिन्ह वाचणे, खोडणे, नवे लिहिणे आणि एक घर पुढे वा मागे सरकणे, एवढीच या यंत्राची कामे. तेच आज ट्युरिंग यंत्र म्हणून ओळखले जाते. अशी रीत अस्तित्वात नाही, हे त्यांनी या यंत्राच्या साहाय्याने सिद्ध केले. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च हेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते. मूळ निबंधात यंत्र अखंड अंक देत राहील की मध्येच कुंठित होईल, असा विचार होता. विराम-समस्या हे नाव आणि तिचे आजचे रूप नंतरचे आहे.

या सिद्धान्तामागील युक्तिवाद थोडक्यात असा सांगता येतो. कोणताही कार्यक्रम थांबेल की नाही हे अचूक सांगणारा एक परीक्षक कार्यक्रम आहे, असे गृहीत धरावे. मग त्याचाच उपयोग करून असा दुसरा कार्यक्रम लिहिता येतो, की जो स्वतःविषयीचे भाकीत विचारून नेमके त्याच्या उलट वागतो. परीक्षकाने थांबेल असे सांगितल्यास तो अखंड चालतो, आणि थांबणार नाही असे सांगितल्यास तत्काळ थांबतो. दोन्ही बाजूंनी परीक्षक खोटा ठरतो. म्हणून असा परीक्षक असू शकत नाही. काही विशिष्ट कार्यक्रम थांबतात हे सिद्ध करता येते. सर्वांना लागू पडणारी कसोटी मात्र मिळत नाही.

दुसरे महायुद्ध

प्रिन्स्टन विद्यापीठातून इ.स. १९३८ मध्ये डॉक्टरेट मिळवून ट्युरिंग मायदेशी परतले. युद्ध सुरू होताच ते ब्लेचली पार्क येथील गुप्तलिपी उकलणाऱ्या केंद्रात रुजू झाले. पोलिश गणितज्ञांच्या आधीच्या कामाचा लाभ घेऊन त्यांनी जर्मन एनिग्मा यंत्राच्या जुळण्या शोधणारे बॉम्ब नावाचे यंत्र रचले. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात महत्त्वाची सुधारणा केली. हे यंत्र एकामागून एक जुळण्या तपासत असे आणि संभाव्य जुळणी सापडताच आपोआप थांबत असे. प्रत्येक थांबा खरा नसे. म्हणून थांब्याची नोंद करून ती जुळणी वेगळी पडताळली जाई आणि यंत्र पुढील शोधासाठी पुन्हा सुरू केले जाई.

मँचेस्टरमधील कार्य

युद्धानंतर राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी एका संगणकाचा तपशीलवार आराखडा तयार केला. इ.स. १९४८ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. जून १९४९ मध्ये केंब्रिज येथील परिषदेत त्यांनी मोठा कार्यक्रम कसा तपासावा यावर निबंध वाचला. बेरजेतील हातचे लिहून ठेवले, तर प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे तपासता येतो. तसेच कार्यक्रमाच्या ठिकठिकाणी कोणती स्थिती असली पाहिजे ते लिहून ठेवावे, असे त्यांनी सुचवले. कार्यक्रम थांबतो हे दाखवण्यासाठी प्रत्येक टप्प्यागणिक घटत जाणारी एक राशी दाखवावी, हीही त्यांचीच सूचना होय.

जून १९५० मध्ये मँचेस्टरच्या संगणकावर त्यांनी रीमान झीटा फलनाच्या शून्यांचे गणन केले. हा संगणक वरचेवर बिघडत असे. परंतु एकदा तो दुपारी तीनपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत सुरळीत चालला आणि त्यामुळे गणनाचा बराच भाग पार पडला. दुसऱ्या एका पट्ट्यात १४१४ ते १६०८ या मर्यादेतील गणन झाल्यावर यंत्र बंद पडले. या भागासाठी त्रुटीचे मूल्य चुकीचे घेतले गेल्याचेही नंतर आढळले. इ.स. १९५३ मध्ये निबंध प्रसिद्ध करताना ट्युरिंग यांनी ही हकीकत लपवली नाही. केवळ १५४० पर्यंतचा निष्कर्ष खात्रीचा आहे, एवढाच दावा त्यांनी केला. त्यापूर्वी टिचमार्श यांची मजल १४६८ पर्यंत गेली होती.

अडकलेले काम थांबवण्याशी संबंध

हजारो वीजबिलांची आकारणी करणारा कार्यक्रम मध्यरात्री निश्चल दिसू लागला, तर तो संथ आहे की कायमचा अडकला आहे, हे केवळ वाट पाहून कळत नाही. संपला तर उत्तर मिळते. संपला नाही तर आणखी किती थांबावे हे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे व्यवहारात कामाला कालमर्यादा घालतात आणि पूर्ण झालेल्या नोंदींची संख्या वाढते आहे काय, हे पाहतात. काम थांबवावयाचे झाल्यास आधी त्याला स्वतःहून आवरते घेण्याची सूचना देतात, म्हणजे हातातील नोंद पूर्ण करून फाइली नीट बंद करण्यास त्याला अवसर मिळतो. तिला प्रतिसाद न मिळाल्यासच ते सक्तीने बंद करतात. सक्तीने बंद केलेल्या कामाची शेवटची नोंद अर्धवट राहिलेली असू शकते. म्हणून ठराविक टप्प्यांवर स्थिती जतन केली जाते आणि पुन्हा सुरुवात शेवटच्या खात्रीच्या टप्प्यापासून होते. या सर्व पद्धती पुढील काळात विकसित झाल्या. परंतु त्यांची गरज का पडते, याचे उत्तर ट्युरिंग यांच्या सिद्धान्तात मिळते.

अखेरची वर्षे व स्मृती

इ.स. १९५१ मध्ये ट्युरिंग रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. इ.स. १९५२ मध्ये समलैंगिक संबंधांबद्दल त्यांना दोषी ठरवण्यात आले. तुरुंगवासाऐवजी त्यांनी संप्रेरकांचे उपचार पत्करले. ७ जून १९५४ रोजी विल्म्स्लो येथील राहत्या घरी सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. मृत्युचौकशीत ही आत्महत्या ठरवण्यात आली; काही अभ्यासकांना तो अपघात वाटतो. इ.स. २००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी त्यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि इ.स. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर राजक्षमा देण्यात आली. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार इ.स. १९६६ पासून त्यांच्या नावाने दिला जातो. इ.स. २०२१ पासून ब्रिटनच्या पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे.