रक्तवाहिन्यांचा चित्रकार : एगास मोनिझ

ड्रोहेडा येथील अवर लेडी ऑफ लूर्ड्स रुग्णालयात असो वा पुण्यातील एखाद्या निदान केंद्रात, कॉन्ट्रास्ट देऊन करावयाच्या सीटी स्कॅनपूर्वी रुग्णाला ठरावीक प्रश्न विचारले जातात. कॉन्ट्रास्टची ॲलर्जी पूर्वी कधी झाली होती का, मूत्रपिंडाचा विकार आहे का, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे का. मग शिरेतून औषध जाते आणि क्षणभर सर्वांगातून एक उष्ण लहर फिरते. ते औषध आयोडिनचे असते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एकेकाळी समुद्रशैवाल जाळून त्याची राख ज्यासाठी विकली जाई, तेच आयोडिन. जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या त्याच्या साह्याने प्रथम पाहिल्या त्या लिस्बनच्या एका वैद्याने.

अंतोनियो एगास मोनिझ यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ रोजी पोर्तुगालमधील आवांका या गावी झाला. कोइम्ब्रा येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९११ मध्ये ते लिस्बनला मज्जाविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. मात्र आयुष्याची कित्येक वर्षे राजकारणातच गेली. ते संसदेत होते, परराष्ट्रमंत्री झाले, पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेत त्यांनी पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचे नेतृत्वही केले. सत्तेतून बाहेर पडून ते प्रयोगशाळेत स्थिरावले तेव्हा पन्नाशी जवळ आली होती.

त्या काळी मेंदूतील गाठ नेमकी कोठे आहे हे ठरविणे म्हणजे बहुतांशी तर्काचा खेळ होता. क्ष-किरणांना कवटी दिसे, आतले काही दिसत नसे. मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून छायाचित्र घेण्याची पद्धत होती, पण ती रुग्णासाठी यातनामय होती. रक्तवाहिन्याच अपारदर्शक केल्या तर त्यांच्या वाकण्या-सरकण्यावरून गाठीची जागा कळेल, असा मोनिझ यांचा विचार होता. जड अणू क्ष-किरण अधिक अडवतो, एवढेच त्यामागचे तत्त्व. प्रश्न होता तो असा पदार्थ शोधण्याचा, जो क्ष-किरण अडवील पण रुग्णाचा जीव घेणार नाही.

प्रथम त्यांनी ब्रोमाइडे वापरली. एक रुग्ण दगावला आणि ब्रोमाइडचा मार्ग सोडून देण्यात आला. ब्रोमिनचा अणुक्रमांक ३५, आयोडिनचा ५३. म्हणजे आयोडिनची छाया अधिक गडद. म्हणून सोडियम आयोडाइडचे २५ टक्क्यांचे द्रावण ठरले. संधिवाताने मोनिझ यांची बोटे वाकली होती, त्यामुळे मानेतील कॅरॉटिड धमनी उघडून सुई टोचण्याचे काम तरुण सहकारी आल्मेदा लिमा यांच्याकडे असे. २८ जून १९२७ रोजी पिट्युटरी ग्रंथीची गाठ असलेल्या एका तरुणाच्या छायाचित्रात धमन्या स्पष्ट उमटल्या, आणि गाठीने त्यांना कसे बाजूला ढकलले आहे तेही दिसले. पुढच्याच महिन्यात मोनिझ यांनी हे काम पॅरिसमध्ये मांडले.

पण सोडियम आयोडाइड वेदनादायक होते, काहींना त्याने झटकेही येत. म्हणून १९३१ पासून मोनिझ थोरोट्रास्टकडे वळले. थोरियमचे हे द्रावण टोचताना त्रास होत नसे, चित्रही सुरेख येई. मात्र थोरियम किरणोत्सारी. ते यकृतात कायमचे साठून राही आणि कित्येकांना दशकांनंतर कर्करोग झाला. जे लगेच दुखत नाही ते निर्धोक वाटावे, हा मोह केवळ मोनिझ यांचा नव्हता. जगभरच्या वैद्यांनी ते वापरले.

१९३५ मध्ये त्यांनी मनोविकारांवर उपाय म्हणून मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यासाठीच १९४९ चे नोबेल पारितोषिक त्यांना स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांच्यासह विभागून मिळाले. त्या शस्त्रक्रियेने अनेकांचे व्यक्तिमत्त्वच हिरावून घेतले, आणि ते पारितोषिक काढून घ्यावे अशी मागणी रुग्णांच्या नातेवाइकांनी पुढे केली. अँजिओग्राफीसाठीही त्यांचे नाव नोबेल समितीपुढे गेले होते. तेव्हा मात्र निवड झाली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते समितीने त्यांचे चुकीचे काम उचलले.

१३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बनमध्ये मोनिझ यांचे निधन झाले. त्याच दशकात बेंझिनच्या एका कड्यावर आयोडिनचे तीन अणू घट्ट बांधलेली संयुगे रुग्णालयांत येऊ लागली होती. पुढे १९६० च्या दशकाअखेर स्वीडनच्या टॉर्स्टेन आल्मेन यांनी त्यांतील विद्युतभार काढून टाकण्याची कल्पना मांडली. इंजेक्शनची आग त्यामुळे बरीच कमी झाली. आयोडिनचे तीन अणू मात्र कड्यावर तसेच राहिले.